झांझिबारचं जुनं गाव पायी कसं बघावं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

टांझानियातल्या दार-ए-सलामला आमचं तीन वर्षं बिऱ्हाड होतं. पुण्या-डोंबिवलीहून जो पाहुणा येईल त्याला घेऊन झांझिबारला जायचं, हे काम आपसूक माझ्याकडे आलं. परत येताना बोटीत बहुतेकांचं म्हणणं एकच असायचं: "किनारा झकास आहे गं, पण ते स्टोन टाउन म्हणजे सगळ्या गल्ल्या सारख्याच." पहिल्या फेरीनंतर मीही हेच म्हणाले होते. काय, कुठल्या क्रमाने आणि किती वाजता बघायचं हे मला तिसऱ्या फेरीत उमगलं. तेच इथे लिहिते आहे.

थोडी ओळख आधी. झांझिबार हा द्वीपसमूह आहे आणि आपण ज्याला झांझिबार म्हणतो त्या मोठ्या बेटाचं नाव उंगुजा. कच्छी-गुजराती मंडळी त्याला जंगबार म्हणायची. १६९८ मध्ये ओमानच्या अरबांनी पोर्तुगीजांना या किनाऱ्यावरून हुसकावलं. पुढे सुलतान सय्यद सईदने मस्कत सोडून इथेच राजधानी थाटली. १८९० पासून ब्रिटिशांचं संरक्षण, डिसेंबर १९६३ मध्ये स्वातंत्र्य, १२ जानेवारी १९६४ ला क्रांती आणि त्याच एप्रिलमध्ये टांगानिकाशी जोडून आजचा टांझानिया. एवढं डोक्यात असलं की पुढचं सगळं आपोआप जागेवर बसतं. स्टोन टाउन, म्हणजे इथलं जुनं गाव, २००० सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

१. निघण्याआधी: कागदपत्रं आणि सामान

- किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट.
- टांझानियाचा ई-व्हिसा. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावरूनच करा. हुबेहूब दिसणारी आणि जास्त पैसे उकळणारी दलालांची संकेतस्थळं बरीच आहेत. माझ्या आतेबहिणीने तिथेच दुप्पट पैसे घालवले.
- झांझिबारचा प्रवास विमा. १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना तो तिथल्या सरकारी विमा कंपनीकडूनच घ्यावा लागतो आणि त्याचे ४४ डॉलर पडतात. भारतात काढलेला विमा यासाठी चालत नाही. निघण्यापूर्वी ऑनलाइन काढून छापील प्रत जवळ ठेवा.
- पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड. नायरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जात असाल तर हे हवंच, कारण अडवणूक तिकडे जाताना होईल तशी भारतात परततानाही होऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रावर प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या. एकदा घेतली की जन्मभर चालते.
- परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण, दोन्ही कागदावर. फोनची बॅटरी नेमकी विमानतळाच्या रांगेतच संपते.
- चौकोनी तीन पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा प्लग अडॅप्टर.
- खांदे झाकायला ओढणी किंवा स्टोल, भिजल्या तरी चालतील अशा पट्ट्याच्या सँडल, छोटी टॉर्च.
- कापडी पिशव्या. हे मुद्दाम वेगळं लिहिते, कारण आपली माणसं चकल्या, मेतकूट आणि भडंग प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमध्ये गाठ मारून नेतात. इथे त्या पिशव्यांवर बंदी आहे आणि विमानतळावर त्या काढून घेतात. खाऊ डब्यात भरा.

मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. गावातल्या पाहुण्याचा सल्ला यात नको, माझाही नको.

२. महिना कोणता निवडावा

जून ते ऑक्टोबर उत्तम, जानेवारी-फेब्रुवारीही चांगले. मार्च ते मे हा 'मसिका', म्हणजे मोठा पाऊस; नोव्हेंबरच्या सुमाराचा 'वुली' छोटा. मसिकामध्ये गल्ल्यांतून पाणी वाहतं आणि जुन्या भिंतींच्या कडेने चालायला मन धजत नाही.

रमजान आहे का तेही पाहून घ्या. बेटावर बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत. त्या महिन्यात दिवसा बरीच खाणावळी बंद असतात आणि रस्त्यावर पाण्याची बाटली तोंडाला लावणंसुद्धा बरं दिसत नाही. संध्याकाळी मात्र गाव जागं होतं.

हे गाव वाऱ्यांनीच वसवलं. डिसेंबरपासून ईशान्येचा 'कस्काझी' सुटला की कच्छ, मुंबई, मस्कतची गलबतं त्यावर स्वार होऊन इकडे यायची. मग नैर्ऋत्येचा 'कुसी' सुरू झाला की त्यावर परत जायची. मधले महिने व्यापारी इथेच अडकून पडायचा. मग घर आलं, वखार आली, देऊळ आलं, मशीद आली.

३. घड्याळ आणि पैसे: इथेच सगळे फसतात

झांझिबार भारताच्या अडीच तास मागे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण स्वाहिली माणूस तास मोजायला सुरुवात करतो सूर्योदयापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्याचा 'सा मोजा', पहिला तास. आठ म्हणजे 'सा म्बिली', दुसरा. पहिल्या फेरीत गाडीवाल्याने "सा म्बिली" म्हटलं आणि मी नव्याने शिकलेले आकडे मिरवत दुपारी दोन समजले. तो बिचारा सकाळी आठला दारात उभा आणि आम्ही झोपेत. वेळ ठरवताना कागदावर घड्याळ काढून दाखवा किंवा इंग्रजीत सकाळ-दुपार स्पष्ट वदवून घ्या.

चलन टांझानियन शिलिंग. डॉलर न्यायचे तर नव्या, न फाटलेल्या नोटा न्या. २००९ च्या आधीच्या नोटा बदलून मिळणं कठीण. शिलिंगमध्ये शून्यं फार असतात, पण आपल्याला एक फायदा आहे: एक लाखाला स्वाहिलीत 'लाकी' म्हणतात, आपलाच लाख. पैशाला 'पेसा', दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा', हवेला 'हेवा'. सासूबाई पहिल्याच दिवशी फळवाल्याशी घासाघीस करायला लागल्या त्या याच जोरावर. १९३५ पर्यंत तर इथे रुपयाच चालायचा, हे त्यांना मी नंतर सांगितलं.

४. मुक्काम आणि दिशा

पहिल्या दोन रात्री स्टोन टाउनमध्येच काढा, किनाऱ्यावरची हॉटेलं नंतर. सकाळी साडेसातला रिकाम्या गल्लीत चालणं आणि अकराच्या उन्हात गर्दीतून ढकलले जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फोनवरचा नकाशा गल्ल्यांत भरकटतो. त्यापेक्षा एवढं ध्यानात ठेवा: गाव त्रिकोणी आहे. दोन बाजूंना समुद्र, तिसऱ्या बाजूला क्रीक रोड. या रस्त्याच्या जागी पूर्वी खरंच खाडी होती, ती बुजवली. पलीकडच्या वस्तीला अजूनही 'न्गाम्बो', म्हणजे 'पलीकडचं', म्हणतात. चुकलात तर एकाच दिशेने सरळ चालत राहा, दहा-पंधरा मिनिटांत समुद्र तरी लागेल नाहीतर क्रीक रोड.

बंदरावर उतरताच "रफिकी, रफिकी" करत काही तरुण मागे लागतील. गावकरी त्यांना 'पापासी' म्हणतात, म्हणजे गोचीड. हसून "हापाना, असांते" (नको, धन्यवाद) म्हणा आणि चालत राहा. वाटाड्या मात्र एका दिवसासाठी जरूर घ्या. तो हॉटेलमार्फत ठरवा, त्याचं परवान्याचं ओळखपत्र पाहा आणि किती तासांचे किती पैसे हे आधीच बोलून घ्या.

५. पहिली सकाळ: म्कुनाझिनीचं चर्च

बहुतेक लोक सुरुवात समुद्राकडून करतात. मी सांगेन, म्कुनाझिनीच्या अँग्लिकन कॅथेड्रलपासून करा. राजवाडे नंतर पाहिले की ते कशाच्या पैशावर उभे राहिले हे विचारावं लागत नाही.

इथे गुलामांचा बाजार भरायचा. आफ्रिकेच्या आतल्या भागातून धरून आणलेली माणसं इथे विकली जात. ब्रिटिशांच्या दडपणाखाली सुलतान बरगशने जून १८७३ मध्ये करार केला आणि बाजार बंद झाला. त्याच वर्षीच्या नाताळात चर्चचा पाया घातला गेला. बांधकामामागे बिशप एडवर्ड स्टीअर. गुलामांना फटके मारायचा खांब जिथे होता त्या जागी आज वेदी आहे, तिथलं जमिनीतलं संगमरवरी वर्तुळ नीट पाहा. जवळचा लाकडी क्रूस ज्या झाडाखाली धर्मप्रसारक आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं हृदय पुरलं त्याच्या लाकडाचा. दाराकडचे काही खांब उलटे बसवलेत. बिशप बाहेरगावी असताना गवंड्यांनी ते तसे उभे केले, असं सांगतात.

अंगणात खड्ड्यात उभ्या पाच दगडी आकृती आहेत, गळ्यात साखळ्या घातलेल्या. १९९८ मध्ये एका स्वीडिश शिल्पकर्तीने हे शिल्प केलं, साखळ्या मात्र खऱ्या, त्या काळच्या. तिथे सेल्फी काढू नका. एवढं सांगायची वेळ येऊ नये, पण प्रत्येक फेरीत आली.

शेजारच्या इमारतीखाली दोन बुटकी तळघरं 'गुलामांच्या कोठड्या' म्हणून दाखवतात. वाटाड्या ठामपणे सांगेल, पण इमारत बाजार बंद झाल्यानंतरची आहे आणि तळघरांच्या वापराबद्दल इतिहासकारांत दुमत आहे. आत जाऊन या, मात्र जास्त वेळ वरच्या प्रदर्शनातले फलक वाचण्यात घालवा. निदान दीड तास ठेवा.

आपल्या लोकांनी एक फलक हमखास थांबून वाचावा, भारतीय व्यापाऱ्यांविषयीचा. कच्छचे जयराम शिवजी यांची पेढी अनेक दशकं इथल्या जकातीची मक्तेदार होती. हस्तिदंत आणि गुलाम आणणाऱ्या तांड्यांना भांडवल पुरवणाऱ्यांत भारतीय सावकार होते, आणि कित्येकांच्या घरी गुलाम होते. १८६० मध्ये ब्रिटिश कौन्सल रिग्बीने त्यांना ते सोडायला भाग पाडलं. कोरीव दारं पाहून "आपल्या लोकांनी बांधलंय हो!" असं म्हणताना हेही आठवलेलं बरं.

६. समुद्राकाठच्या इमारती

चर्चहून दराजानी बाजारातून, मसाले आणि मासळीच्या वासातून, पश्चिमेकडे समुद्रावर या.

जुना किल्ला, 'न्गोमे कोंग्वे', पोर्तुगीज गेल्यावर ओमानींनी त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या जागी बांधला. रायगड-सिंधुदुर्ग पाहिलेल्याला तो अंगणाएवढाच वाटेल. अर्धा तास पुरे.

शेजारी 'बैत अल-अजाइब', आश्चर्यांचा वाडा. बरगशने १८८३ मध्ये बांधला. आत वीज आणि लिफ्ट, म्हणून हे नाव. हा बरगश आपल्या ओळखीचा निघतो: भाऊ माजिदविरुद्ध बंड फसलं तेव्हा ब्रिटिशांनी त्याला मुंबईला हद्दपार केलं होतं, १८५९ ते १८६१. गादीवर आल्यावर त्याने गावात नळाचं पाणी आणलं. मुंबईत दोन वर्षं काढलेल्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे, असा आपला माझा अंदाज. सावध मात्र राहा: २५ डिसेंबर २०२० ला या वाड्याचा मोठा भाग कोसळला आणि मग डागडुजी सुरू झाली. "आतून दाखवतो" म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आधी हॉटेलात विचारा.

तो पडला कशामुळे, हे समजलं की सगळं गावच वाचता येतं. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. छताला खारफुटीच्या झाडांचे वासे, 'बोरिती'. वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद, म्हणून इथली घरं लांबट आणि अरुंद. प्रवाळ पाणी शोषतो, वासे कुजतात आणि गिलावा वेळेवर केला नाही तर भिंत आतून पोकळ होत जाते.

पुढचा राजवाडा 'बैत अल-साहेल' म्हणजे संग्रहालय. उघडं असेल तर राजकन्या सलमेची खोली चुकवू नका. सय्यद सईदची ही मुलगी १८४४ मध्ये जन्मली, एका जर्मन व्यापाऱ्याच्या प्रेमात पडून पळाली आणि जर्मनीत जाऊन तिने आठवणी लिहिल्या. याच जागी २७ ऑगस्ट १८९६ ला सकाळी नऊनंतर ब्रिटिश युद्धनौकांनी तोफा डागल्या. खालिद बिन बरगश ब्रिटिशांच्या परवानगीशिवाय गादीवर बसला, एवढंच निमित्त. चाळीसएक मिनिटांत सगळं आटोपलं आणि खालिद जर्मन वकिलातीत शिरला. इतिहासातलं सर्वांत छोटं युद्ध म्हणून वाटाडे हे रंगवून सांगतात.

बंदराच्या बाजूला आणखी थोडं चाला म्हणजे जुना दवाखाना लागेल. हिरवट जाळीदार लाकडी सज्जे, रंगीत काचा. माझ्या मते अख्ख्या किनाऱ्यावरची सर्वांत देखणी इमारत हीच. कच्छी खोजा व्यापारी थारिया तोपन यांनी राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवासाठी १८८७ मध्ये तिची पायाभरणी केली. ती पुरी व्हायच्या आत १८९१ मध्ये ते वारले. १९९० च्या दशकात आगा खान न्यासाने तिची दुरुस्ती केली.

७. दुपारनंतर गल्ल्या

उन्हाच्या वेळी हॉटेलात पडा आणि चारनंतर निघा. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत तर काही बघायच्या फंदात पडूच नका.

घरांच्या भिंतीला लागून दगडी ओटे दिसतील. त्यांना 'बराझा' म्हणतात. काम तेच, आपल्या कट्ट्याचं: पाऊस आला की त्यावरून चालायचं, नाहीतर बसून गप्पा हाणायच्या. जॉज कॉर्नर नावाच्या चौकात छोट्या कपातली कडू कॉफी घ्या आणि डॉमिनो खेळणाऱ्या म्हाताऱ्यांशेजारी गप्प बसा. फोटो काढायचा तर विचारून. स्त्रियांचे तर नकोच.

दारं ओळखायला शिका. वर सपाट चौकट आणि अरबी अक्षरं असतील तर ओमानी वळण. वर कमान असेल तर त्यात भारतीय हात. घड्या पडणारी, छोट्या चौकोनांची साधी दारं गुजराती दुकानांची. पितळी टोकदार खिळे मूळचे हत्तींनी दार फोडू नये म्हणून भारतात ठोकत. इथे हत्ती नाहीत, ती नुसती ऐट.

हुरुमझी गल्लीच्या नावातच 'हुरु', म्हणजे स्वतंत्र, आहे. १८९७ मध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली, त्यानंतरच्या मुक्ततेशी हे नाव जोडतात. याच भागात हिंदू मंदिरही आहे; संध्याकाळी घंटा ऐकू आली की नव्या माणसाला क्षणभर कळत नाही आपण कुठे आहोत.

शांगानीत क्वीन बँडच्या फ्रेडी मर्क्युरीचं छोटं संग्रहालय आहे, २०१९ मध्ये उघडलेलं. मूळ नाव फारुख बलसारा, पारशी कुटुंब, जन्म ५ सप्टेंबर १९४६, स्टोन टाउनमधलाच. शिक्षण मात्र आपल्या पाचगणीत. "फ्रेडीचं खरं घर हेच" असं सांगणारी दारं एकाहून जास्त भेटतील. त्यावरून वाद घालू नका. गाण्यांत रस असेल तर सिती बिंती साद यांच्याबद्दल विचारा. तारब या इथल्या संगीतप्रकारातली ही गायिका १९२८ मध्ये ध्वनिमुद्रणासाठी मुंबईला गेली होती.

८. संध्याकाळ: फोरोधानी

किल्ल्यासमोरच्या बागेत अंधार पडता पडता गाड्या लागतात. मासे आणि कालवांचे ढीग छान दिसतात, पण शिळा माल परत शेकून देणारेही असतात. स्थानिक लोक जिथे खातात त्याच गाडीवर जा आणि भाव आधी ठरवा. शाकाहारी असाल तर 'उरोजो' मागा: आंबट-पिवळं पातळ सार, त्यात भजी, बटाटा, चटणी. चव ओळखीची लागेल. पण त्यात मांसाचे तुकडे आणि अंडं घालतात, म्हणून आधीच "बिला न्यामा, बिला यायी" म्हणा. आलं-लिंबू घातलेला उसाचा रस सगळ्यांना चालतो.

९. गावाबाहेर: एक दिवस गाडीने

उत्तरेकडे गाडी काढा. पहिला थांबा मारुहुबी, गावापासून ४ किलोमीटरवर. बरगशचा जनानखाना १८९९ मध्ये जळाला आणि खांब तेवढे उरले. पुढे मसाल्याच्या बागांत किडिचीचे पर्शियन हमाम आहेत, सय्यद सईदने आपल्या इराणी बेगमेसाठी बांधलेले. आत चुन्यातली फुलं आणि पक्षी आहेत. मसाल्यांची सहल विकणारे किडिची बऱ्याचदा गाळतात, तेव्हा ठरवतानाच नाव घेऊन विचारा. कोकणातून आलेल्याला जायफळ-दालचिनीचं फार अप्रूप वाटणार नाही, लवंगांची झाडं मात्र बघाच.

त्याहून वर मांगाप्वानीला, गावापासून सुमारे २० किलोमीटरवर, जमिनीत खोदलेली गुलामांची कोठडी आहे. बंदीनंतर चोरून व्यापार चाले तेव्हाची. टॉर्च इथे लागते. चर्चमधली तळघरं पाहिल्यावर ही पाहिली की अंगावर येते, कारण इथे आजूबाजूला रान आणि समुद्राशिवाय काही नाही.

चांगू बेटावर, म्हणजे 'प्रिझन आयलंड'वर, जायचं तर सकाळी लवकर. नंतर समुद्र खवळतो. बोटीतून पाण्यातच उतरावं लागतं, म्हणून त्या सँडल. १८९० च्या दशकात बांधलेला तुरुंग तुरुंग म्हणून वापरलाच गेला नाही, तिथे साथीच्या रोग्यांना वेगळं ठेवत. सेशेल्सहून आलेली प्रचंड कासवं मुलांना फार आवडतात.

वेळ उरला तर दक्षिण टोकाला किझिमकाझीची मशीद. मिहराबाजवळच्या (नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा) कूफी या जुन्या अरबी लिपीतल्या लेखावर हिजरी ५००, म्हणजे इ.स. ११०७, असा काळ आहे. बाहेरून पत्र्याच्या छपराची साधी इमारत दिसते. सापळा असा की किझिमकाझी नावाच्या दोन वस्त्या आहेत आणि डॉल्फिन दाखवणारे गाडीवाले दुसरीकडेच नेतात. मशीद डिंबानीत आहे. चपला बाहेर काढा, डोकं झाका, राखणदाराला विचारूनच आत जा आणि दानपेटीत काहीतरी टाका.

१०. परतीची बोट

दार-ए-सलामची बोट साधारण दोन तास घेते. देश एकच असला तरी पासपोर्ट दाखवावा लागतो, तेव्हा तो बॅगेच्या तळाशी ठेवू नका. बंदरावर तासभर आधी पोचा. तिकिटावरची वेळ आपल्या घड्याळाची असते. टॅक्सीवाल्याला सांगताना मात्र पुन्हा एकदा कागदावर घड्याळ काढा.